हे कशावरून? नाशिकच्या इतिहासाचे तीन साक्षीदार

नाशिक पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचा आणि शाळेच्या सहलींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, तपोवन, तिथून त्र्यंबकेश्वर आणि वेळ उरलाच तर पांडवलेणी. प्रत्येक ठिकाणी ऐकायला एक गोष्ट मिळते. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक म्हणजे 'नासिका' कापली म्हणून गावाचे नाव नाशिक. नऊ शिखरांवर वसले म्हणून नाशिक, असेही काही जण सांगतात. पांडव वनवासात राहिले म्हणून पांडवलेणी. मुले गोष्ट ऐकतात, डबे खातात आणि परत येतात.

समजा, एखाद्या मुलीने मध्येच विचारले, "सर, हे कशावरून?" तर काय उत्तर द्यायचे?

विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न आपल्याला अपेक्षित असतो. इतिहासाच्या तासाला मात्र तो फारसा विचारला जात नाही, कारण इतिहास म्हणजे पुस्तकात छापलेल्या सनावळ्या अशी आपली समजूत झालेली असते. वास्तविक त्या सनावळ्याही कोणीतरी, कशावरून तरी ठरवलेल्या असतात. या प्रश्नाचा सराव करायला नाशिकइतके सोयीचे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या घडामोडींची साक्ष द्यायला दगड, नाणी आणि माती असे तीन वेगवेगळे साक्षीदार उभे आहेत आणि एकाचे म्हणणे दुसऱ्यावरून तपासून पाहता येते.

नाव किती जुने?

सुरुवात नावापासून करू. नाव कसे पडले हे सिद्ध करणे अवघड आहे. ते किती जुने आहे हे मात्र शोधता येते. पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्य' नगराचा उल्लेख आहे. पतंजलीचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक मानतात. मध्य प्रदेशातल्या भारहूत येथील प्राचीन बौद्ध स्तूपाला ज्यांनी दाने दिली त्यांची नावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत नाशिकच्या एका स्त्रीने एक खांब दिल्याची नोंद आहे. इ. स. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलतज्ज्ञ टॉलेमी यानेही 'नासिक' हे नाव दिले आहे.

आणि खुद्द नाशिकमध्ये? शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात २४ लेणी आहेत. हीच पांडवलेणी. त्यांतल्या १९ क्रमांकाच्या लहानशा लेण्यातील लेख म्हणतो की सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने, हे लेणे करवले. म्हणजे 'नाशिक' हे नाव किमान दोन हजार वर्षे वापरात आहे. हे विधान आपण पुराव्यानिशी करू शकतो. गोष्ट आणि पुरावा यांत हा फरक आहे. गोष्ट टाकून द्यायची नाही. तिला तिच्या जागी ठेवायचे, एवढेच.

पहिला साक्षीदार : दगड

ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. हे आपल्याला आज ठाऊक आहे, पण दोनशे वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते. भिंतींवर अक्षरे होती, पण ती ब्राह्मी लिपी वाचता येणारा माणूस उरला नव्हता. वाचता न येणाऱ्या लेण्यांना लोकांनी ओळखीच्या गोष्टीतले नाव दिले. महाराष्ट्रात पांडवांच्या नावाची लेणी जागोजागी आढळतात, त्याचे कारण हेच असावे.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली आणि लेणी बोलू लागली. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी नाशिकच्या लेखांवर लिहिलेला निबंध १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी पाठवला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये छापले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने सर्व लेखांचे नवे वाचन प्रसिद्ध केले. प्रत्येकाने आधीच्याच्या चुका दुरुस्त केल्या. प्रयोगशाळेत चालते तीच ही रीत.

लेखांत आहे तरी काय? राजांच्या बढाया आहेतच, पण त्याहून मनोरंजक म्हणजे हिशेब आहेत. १० क्रमांकाचे मोठे लेणे क्षहरात वंशातील शक राजा नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने दिले. तेथील एका लेखात त्याच्या देणगीचा तपशील आहे. त्याने ३००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे २००० नाणी, व्याज शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वरच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे.

आता वर्गाला एक प्रश्न घालता येईल. शेकडा एक हे व्याज वर्षाचे की महिन्याचे? लेखात तसे स्पष्ट म्हटलेले नाही. मुलांना हिशेब करू द्या. वर्षाचे धरले तर २००० वर २० कार्षापण मिळतील. २० भिक्षूंना प्रत्येकी १२ द्यायचे तर २४० लागतात. तेव्हा हिशेब जमत नाही. महिन्याचे धरले तर दरमहा २०, म्हणजे वर्षाला बरोबर २४०. हिशेब चोख जुळतो! दोन हजार वर्षांपूर्वीचा व्याजाचा दर सातवीचा विद्यार्थी असा स्वतः शोधून काढू शकतो.

भाषेकडेही लक्ष द्यावे. लेख प्राकृतात आहेत. पाऊण टक्क्याला लेखात 'पायून' असा शब्द आहे. आपण आजही बाजारात 'पाऊण किलो' मागतो. लेण्याला 'लेण' म्हटले आहे. या भाषेशी आपले नाते किती जवळचे आहे हे सांगायला वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

आणखी एक हिशेब पाहा. उषवदाताने ७०,००० कार्षापण दान दिल्याचे सांगून लेख पुढे म्हणतो की ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने ते २००० सुवर्ण होतात. हा चांदीच्या आणि सोन्याच्या नाण्यांमधला विनिमयाचा दर झाला. ही सगळी व्यवस्था निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून तिची रीतसर नोंद केल्याचेही लेखात म्हटले आहे.

देणगीदार केवळ राजघराण्यातले नव्हते. १७ क्रमांकाचे लेणे देणारा इंद्राग्निदत्त स्वतःला 'योनक', म्हणजे यवन, आणि 'ओतराह', म्हणजे उत्तरेकडचा म्हणवतो. त्याचे गाव दत्तामित्री. नंतरच्या काळातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळच्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी ठेवल्या आहेत. त्या स्वीकारणाऱ्या श्रेणी कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि 'ओदयंत्रिक' म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या. त्या काळी अशा कारागिरांचा स्वतंत्र संघ असणे आणि लोकांनी विश्वासाने त्याच्याकडे पैसे ठेवणे, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातली किती मोलाची नोंद आहे! कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून येणारा माल देशावर आणि उत्तरेला जाण्याच्या वाटेवर नाशिक होते. ही गर्दी त्या वाटेने आली.

दुसरा साक्षीदार : नाणी

दगडावर लिहिले आहे म्हणून ते खरेच, असे मात्र समजू नये. लेख लिहवून घेणाऱ्याला स्वतःची बाजू मांडायची असते. ३ क्रमांकाच्या लेण्यातला प्रसिद्ध लेख पाहा. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, मुलाच्या मृत्यूनंतर, तो कोरवला. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती माता सांगते. आईने केलेल्या मुलाच्या स्तुतीवर इतिहासकाराने कितपत विश्वास ठेवावा?

येथे दुसरा साक्षीदार मदतीला येतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे जमिनीत चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक होती आणि ती नहपानाची होती. एका बाजूला राजाचा मुखवटा, कडेने ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतील मजकूर. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक, म्हणजे शंभरातल्या सुमारे सत्तर नाण्यांवर दुसरा एक ठसा पुन्हा मारलेला होता. त्यात एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूला 'उज्जयिनी चिन्ह' म्हणून ओळखली जाणारी खूण. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, डोळे आणि अक्षरे अजून डोकावतात.

जिंकलेल्या राजाची चांदी वितळवून नवी नाणी पाडण्याऐवजी जुन्यावरच आपले नाव ठोकणे स्वस्त आणि झटपट, शिवाय लोकांना सत्ताबदल कळवण्याचाही तो उत्तम मार्ग. ज्या ठशावर दुसरा ठसा बसला आहे तो आधीचा, हे सांगायला कोणाच्या स्तुतीची गरज नाही. म्हणजे नहपान आधी आणि गौतमीपुत्र नंतर, आणि नहपानाचे चलन गौतमीपुत्राच्या ताब्यात गेले, एवढे नाण्यांवरून निश्चित होते. आईच्या बढाईतला गाभा खरा ठरला. घोडे खरोखर तीन समुद्रांपर्यंत गेले का, याबद्दल मात्र ही नाणी गप्प आहेत. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच घ्यावे.

त्याच ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा कोरलेल्या आहेत. १८ व्या वर्षी लष्कराच्या छावणीतून तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की पूर्वी उषवदाताकडे असलेले एक शेत भिक्षूंना द्यावे. २४ व्या वर्षी दुसरी आज्ञा निघते. दिलेले शेत कोणी कसत नाही, त्या गावात वस्तीही उरलेली नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरची सरकारी जमीन द्यावी. विजयाच्या वर्णनात न दिसणारे एक ओस पडलेले गाव सरकारी पत्रव्यवहाराच्या या दोन ओळींत दिसते. ते युद्धाने ओस पडले की आणखी कशाने, हे लेख सांगत नाही.

तिसरा साक्षीदार : माती

लेणी आणि नाणी राजांची, दानशूरांची. साधी माणसे गावात कशी राहत होती? त्यासाठी माती खणावी लागते. गोदावरीच्या काठी जुन्या नाशकात 'मातीची गढी' नावाचे टेकाड आहे. शतकानुशतके एकाच जागी घरे पडली, पुन्हा बांधली गेली आणि हळूहळू जमीन उंच होत गेली, त्यातून अशी टेकाडे तयार होतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मातीच्या थरांचा नियम साधा आहे. थर विस्कटलेले नसतील तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. डेन्मार्कच्या स्टेनो याने १६६९ मध्ये खडकांसाठी हा नियम मांडला. नाण्यावरच्या दोन ठशांचा न्याय तोच!

या नियमाने गढीत चार कालखंड वेगळे करता आले. सर्वांत खाली ताम्रपाषाण युगातले लोक. त्यांची दगडाची बारीक पाती आणि रंगीत नक्षीची भांडी सापडली. तांबूस भांड्यांवर काळी भौमितिक नक्षी असलेली ही खापरे नगर जिल्ह्यातल्या जोर्वे येथील खापरांशी जुळतात. चांगले भाजलेले असल्याने वाजवले तर धातूसारखा आवाज येतो. त्यावरच्या कालखंडात लोखंड आले आणि त्याबरोबर काळ्या चकचकीत भांड्यांचे काही तुकडे. ही भांडी मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातली. म्हणजे लेणी कोरण्याच्या आधीपासून नाशिकचा उत्तरेशी संबंध होता. तिसरा कालखंड रोमन व्यापाराचा, म्हणजे साधारण आपल्या लेखांचा. चौथा मुसलमानी-मराठा काळाचा.

सर्वांत खालचा थर किती वर्षांपूर्वीचा, हे उत्खननाच्या वेळी केवळ खापरांच्या तुलनेवरून सांगावे लागले. कर्ब-१४ ची पद्धत लिबी यांनी १९४९ मध्ये नुकतीच मांडली होती आणि भारतात ती सोय झालेली नव्हती. पुढे नेवासे, इनामगाव येथील कोळशाच्या व धान्याच्या नमुन्यांवरून जोर्वे संस्कृतीचा मुख्य काळ इ. स. पू. १४०० ते १००० च्या आसपास ठरला. म्हणजे नाशिकच्या जागी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वस्ती होती.

तिसऱ्या आणि चौथ्या कालखंडांत कित्येक शतकांचे अंतर आहे. मग मधल्या काळात नाशिक ओस होते का? घाई करू नये. पांडवलेण्यांत इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, त्यानंतर ११ क्रमांकाच्या लेण्यात जैन मूर्तीही आल्या. या परिसरात माणसांचा वावर होता हे उघड आहे. एका टेकाडातल्या काही खड्ड्यांत एखादी गोष्ट मिळाली नाही, एवढ्यावरून ती नव्हतीच असे म्हणता येत नाही.

साक्षी जुळत नाहीत तेव्हा

इतके पुरावे असूनही एका साध्या प्रश्नावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. नहपान नेमका केव्हा होऊन गेला? त्याच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. हा इ. स. ७८ मध्ये सुरू झालेला शककाल मानला तर ती वर्षे ११९ ते १२४ येतात. पूर्वी बहुतेक पुस्तकांत असेच दिलेले असे. पण ही वर्षे त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीची असली तर? इ. स. पहिल्या शतकाच्या मध्याला एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात भडोचच्या भागातल्या 'मनबानोस' राजाचा उल्लेख आहे. तो नहपानच असेल तर सगळा घटनाक्रम सुमारे पन्नास वर्षे मागे सरकतो. गेल्या काही दशकांत हे मत स्वीकारणाऱ्या अभ्यासकांची संख्या वाढली आहे.

गौतमीपुत्राचे वर्ष दोन पुस्तकांत वेगळे दिसले की विद्यार्थी गोंधळतात आणि 'बरोबर उत्तर कोणते?' असे विचारतात. तेव्हा कोणतेही एक उत्तर लादण्यापेक्षा हा वाद समजावून सांगणे अधिक शैक्षणिक ठरेल. नहपान आधी, गौतमीपुत्र नंतर हा क्रम पक्का आहे. वर्ष मात्र अजून पक्के नाही. ज्ञानाचा कोणता भाग भक्कम आणि कोणता कच्चा हे ओळखता येणे, हे परीक्षेतल्या एका गुणापेक्षा मोठे आहे.

साक्षीदार जपायला हवेत

विज्ञानातला प्रयोग पुन्हा करता येतो. इतिहासाचा पुरावा मात्र एकदाच मिळतो. खापराचा तुकडा थरातून उपटून खिशात घातला की तो मुका होतो. मग तो कोणत्या काळचा हे कोणीच सांगू शकत नाही. जोगलटेंभीचा साठा सापडताच वितळवला गेला असता तर गौतमी बलश्रीच्या शब्दाला आधार उरला नसता. जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्याला देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

गढीचे तर दुहेरी संकट आहे. टेकाड मातीचे, एका अंगाला नदी, वर माणसांची घरे. पावसाळ्यात कडा ढासळतो तेव्हा राहणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो आणि तीन हजार वर्षांचे थरही वाहून जातात. माणसांची सुरक्षित सोय आधी व्हायला हवी, यात वाद नाही. पण ती करताना टेकाड नुसता मातीचा ढीग समजून सपाट केले जाऊ नये. दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या निमित्ताने घाट, रस्ते, पूल यांची कामे निघतात. २०१५ चा सिंहस्थ झाला, पुढचा २०२७ चा. नदीकाठी कुदळ पडते तेव्हा तिथे पुरातत्त्व जाणणारे डोळे हजर असावेत, ही मागणी गावातल्या शिक्षकांनी करायला काय हरकत आहे?

सहलीला जाताना

पांडवलेण्यांच्या सहलीसाठी काही सूचना. जाण्यापूर्वी वर्गात ब्राह्मीची पाच-सहा अक्षरे शिकवावीत. लेण्यात ती ओळखू आली की मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. व्याजाचा हिशेब त्यांच्याकडून तिथेच करून घ्यावा. मातीच्या चकतीवर एक ठसा, त्यावर दुसरा ठसा मारून 'आधीचा कोणता?' हे विचारावे. गावात विहीर किंवा इमारतीचा पाया खणला जात असेल तर दुरून, सुरक्षित अंतरावरून, मातीचे थर पाहून त्यांची चित्रे काढायला सांगावे. आपल्या गावाच्या नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधायला लावावा. तो पेशवेकालीन कागदात मिळेल किंवा एखाद्या देवळाच्या शिलालेखात.

लेण्यातल्या अक्षरांवर ती उठून दिसावीत म्हणून खडू घासू देऊ नये आणि भिंतीवर स्वतःचे नाव तर मुळीच कोरू देऊ नये. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवणाऱ्या विष्णुदत्तेचे नाव आपण आज वाचू शकतो, ते मधल्या साठ-सत्तर पिढ्यांनी तिची अक्षरे खरवडली नाहीत म्हणून.

आणि सहलीत एखाद्या मुलीने 'हे कशावरून?' असे विचारलेच, तर गाडी सुटायची वेळ झाली तरी दहा मिनिटे थांबावे.